दर ३७० मागे एक : क्युरेरेच्या आकड्याचं प्रकरण

जुलै १९५४ मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या एका नामांकित मासिकात हेन्री बीचर आणि डोनाल्ड टॉड यांचा लेख छापून आला. दहा विद्यापीठ रुग्णालयं, १९४८ ते १९५२ ही पाच वर्षं आणि त्या काळात दिलेल्या ५,९९,५४८ भुली. ‘भूल’चं असं अनेकवचन आपण एरवी करत नाही. इथे करावं लागतं, कारण या लेखाचा सगळा जीव मोजण्यात आहे. ऑपरेशननंतर दगावलेल्या रुग्णांची प्रकरणं तपासून त्यांनी ठरवलं, की ३८४ मृत्यूंमध्ये भूल हे मुख्य किंवा मोठा वाटा असलेलं कारण होतं. म्हणजे दर १,५६० रुग्णांमागे एक.

खळबळ माजली ती मात्र त्याच लेखातल्या दुसऱ्या आकड्याने. स्नायू सैल करणारी औषधं, म्हणजे क्युरेरे आणि त्याच्या जातकुळीतली इतर, ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात भुलीमुळे दर २,१०० मागे एक मृत्यू झाला होता. ज्यांना दिली होती त्यांच्यात दर ३७० मागे एक.

मी एका जिल्ह्याच्या गावी भूल देते. रोज सकाळी माझ्या ट्रेमध्ये अ‍ॅट्राक्युरियमची जी सिरिंज भरून ठेवलेली असते, ती क्युरेरेच्याच वंशातली. त्यामुळे हे प्रकरण मला इतिहासात ढकलून देता येत नाही. बीचर-टॉड यांचा आकडा खरा होता, त्याचा त्यांनी लावलेला अर्थ चुकला, आणि तरीही तो आकडा छापला गेला नसता तर खरं कारण शोधायला कुणी बसलं नसतं. ते कसं, हे इथे सविस्तर लिहिते.

मोजणीच्या आधी

भुलीखाली माणूस जाऊ शकतो हे पहिल्यापासून माहीत होतं. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या ऑपरेशनसाठी क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांत गेली. आधी हृदय थांबतं की आधी श्वास, यावर पुढची साठ वर्षं वाद चालला.

त्या वादाचं एक टोक आपल्याकडे आहे. निजामाच्या पैशावर १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. सूत्रधार होते हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. कुत्र्यांवर आणि इतर प्राण्यांवर शेकडो प्रयोग करून आयोगाने सांगितलं, की क्लोरोफॉर्म श्वास थांबवून मारतं, हृदय थांबवून नाही, तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. निष्कर्ष अर्धाच खरा निघाला. हृदयही थेट बंद पडू शकतं हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. पण ‘श्वासावर नजर ठेवा’ हा लॉरींचा हट्ट मला आजही पटतो, आणि पुढे याच प्रकरणात तो परत येणार आहे.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट कुठेच नव्हती. मृत्यू हा अपूर्णांकातला वरचा आकडा, अंश. तो सगळ्यांच्या लक्षात राहतो, त्याच्यावर बैठका होतात, शवविच्छेदन होतं. खालचा आकडा, छेद, म्हणजे किती जण ठणठणीत उठून घरी गेले, तो कुणी लिहून ठेवत नव्हतं. छेद नसेल तर ‘हे औषध धोकादायक आहे’ आणि ‘माझ्या हातून तर कधी काही झालं नाही’ या दोन वाक्यांचं वजन सारखंच राहतं, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

दहा रुग्णालयं, दहा सचिव

बीचर हे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले, हार्वर्डचे प्राध्यापक. खर्च अमेरिकी लष्कराने उचलला. सहभागी झालेल्या प्रत्येक रुग्णालयात एक शल्यचिकित्सक, एक भूलतज्ज्ञ आणि एक सचिव अशी तुकडी नेमली. मृत्यू झाला, की तो मूळ आजाराने, शस्त्रक्रियेतल्या चुकीने की भुलीने, हे या दोन डॉक्टरांनी ठरवायचं.

शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ एकाच टेबलाशी बसवले यातलं शहाणपण आमच्या क्षेत्रात वावरलेल्या कुणालाही कळेल. एकटा सर्जन बसला तर दोष भुलीचा, एकटा भूलतज्ज्ञ बसला तर रक्तस्रावाचा. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नेमणूक सचिवाची. मृत्यूची प्रकरणं डॉक्टर आपणहून चघळतात. सुखरूप गेलेल्या लाखो रुग्णांची नोंद, कुठली भूल, कुठलं औषध, वय, ऑपरेशन, हे रोजच्या रोज गोळा करणं कंटाळवाणं काम आहे, आणि ते ज्याचं एकमेव काम आहे असा माणूस नसेल तर ते होत नाही. पाच लाख नव्व्याण्णव हजार पाचशे अठ्ठेचाळीस हा छेद त्या सचिवांनी बांधला. लेखकांच्या यादीत त्यांची नावं नाहीत.

आता त्या आकड्यांवर थोडं उलटं गणित करून बघू. दर ३७०, दर २,१००, एकूण ३८४ मृत्यू आणि एकूण भुली हे धरून हिशेब केला, तर स्नायू सैल करणारं औषध साधारण ४४ हजार रुग्णांना मिळालं असणार. एकूण भुलींच्या हे ७ टक्क्यांच्या आसपास. पण भुलीच्या मृत्यूंपैकी जवळपास १२० या गटातले, म्हणजे ३१ टक्के. या ४४ हजारांचा मृत्युदर बाकीच्यांइतकाच असता तर २१ जण गेले असते. म्हणजे जास्तीचे मृत्यू साधारण शंभर.

शंभर. पाच वर्षांत. दहा रुग्णालयांत मिळून. एका रुग्णालयाच्या वाट्याला वर्षाला दोन.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. वर्षाला सरासरी बारा हजार भुली देणाऱ्या मोठ्या रुग्णालयात दोन जास्तीचे मृत्यू कुणाला दिसतील? एक मार्चमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये. एकाची किडनी खराब होती, दुसरा सत्तरीचा होता. प्रत्येक मृत्यूला स्वतःचं एक पटणारं कारण असतं आणि ते कारण खोटंही नसतं. एखाद्या रुग्णालयाने कितीही प्रामाणिकपणे स्वतःपुरतं पाहिलं असतं तरी हा आकृतिबंध दिसला नसता. दहा घरांच्या वह्या एकत्र आल्या तेव्हाच तो उमटला. स्वतःवर विश्वास असलेले, हुशार, काळजी घेणारे लोक वर्षानुवर्षं एखादी चूक करत राहू शकतात आणि ती त्यांना दिसू शकत नाही. हा त्यांच्या नीतीचा प्रश्न नाही, गणिताचा आहे.

लेखात आणखी एक तुलना होती. भूल हा एक आजार आहे असं धरलं तर तो अमेरिकेत दरवर्षी ८० लाख लोकांना होतो, आणि पोलिओने जितके लोक मरतात त्याच्या दुपटीहून जास्त भुलीने मरतात. १९५४ साली पोलिओचं नाव घेतलं की अमेरिकेत आईबापांच्या पोटात गोळा यायचा. बीचरनी ती तुलना विचारपूर्वक केली असणार. भुलीतले मृत्यू ही डॉक्टर मंडळींची आपसातली गोष्ट न राहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाली ती या वाक्यापासून.

बाणावरचं विष

क्युरेरे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं विष. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते वाटेत अडवतं. शुद्ध जात नाही, वेदना थांबत नाहीत, फक्त हालचाल थांबते, आणि श्वास हीही एक हालचालच आहे. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते पहिल्यांदा भुलीत नीट वापरून दाखवलं. त्याआधी पोटाचे स्नायू सैल करायला ईथरची भूल खूप खोल न्यावी लागे, आणि ती खोलीच रुग्णाला झेपत नसे. क्युरेरेमुळे हलक्या भुलीत पोट मऊ मिळू लागलं. सर्जन खूश होते.

बीचर-टॉड यांचा निष्कर्ष असा, की या औषधांत अंगभूत विषारीपणा आहे. आकडा एवढा मोठा होता की दुसरा अर्थ त्यांना सुचला नसावा. भूलतज्ज्ञांच्या वर्तुळात यावरून वादळ उठलं. १९५५ मध्ये त्याच मासिकात अनेक नामवंत भूलतज्ज्ञांनी मिळून या लेखाची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्युरेरे कुणाला दिलं जातं ते बघा. पोट उघडायचं, छाती उघडायची, तासन् तास चालणारी ऑपरेशनं. सोप्या ऑपरेशनांत ते लागतच नाही. मग दोन गटांची तुलना कशी करता?

हा आक्षेप योग्य होता, पण मला तो पुरेसा वाटत नाही. रुग्ण जास्त आजारी होते असं म्हटलं की प्रश्न मिटतो, आणि तो मिटायला नको होता. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला सेसिल ग्रे आणि जॉन हॉल्टन हेच औषध १९४६ पर्यंत हजारावर रुग्णांना देऊन बसले होते. त्यांना हे विष भेटलं नव्हतं. औषध तेच होतं, पद्धत वेगळी होती. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ईथरच्या जोडीला थोडं थोडं क्युरेरे द्यायचे आणि रुग्णाला स्वतःच श्वास घेऊ द्यायचे. ईथर स्वतः स्नायू सैल करतं, त्यामुळे ते थोडं क्युरेरे थोडं उरत नसे. लिव्हरपूलमध्ये पूर्ण डोस द्यायचे, श्वास सरळ आपल्या हातात घ्यायचे, फुगा दाबून हवा आत ढकलायचे, आणि शेवटी निओस्टिग्मिन देऊन औषधाचा असर उतरवायचे. अर्धवट सैल झालेला, कसाबसा श्वास घेणारा रुग्ण त्यांच्या टेबलावर निर्माण होत नव्हता. खोट औषधात होती की ते औषध अंगात शिल्लक असताना रुग्णाला सोडून देण्यात, हा खरा प्रश्न होता.

रिकव्हरीतली चाळीस मिनिटं

शिल्लक राहणं म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये पित्ताशयाची दुर्बिणीची केस होती. पन्नाशीतल्या काकू, वजन जरा जास्त, बाकी तब्येत चांगली. ऑपरेशन ठरल्यापेक्षा लवकर संपलं. शेवटचा डोस देऊन फार वेळ झाला नव्हता. पुढे दुसऱ्या नर्सिंग होममध्ये सिझर थांबलं होतं आणि तिथून दोनदा फोन येऊन गेला होता. मी रिव्हर्सल, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवणारं औषध, दिलं. “काकू, डोकं उचला बघू.” उचललं. “माझा हात दाबा.” दाबला. श्वासनलिकेतली ट्यूब काढली.

बॅग भरत होते तेवढ्यात सिस्टर आली. “मॅडम, काकू कशातरीच करतायत.”

मास्कवर ऑक्सिजन चालू होता. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता. पण काकूंचं पोट वर यायचं तेव्हा छाती आत जायची, आणि अंगाला मधूनच झटके बसत होते. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं आम्ही म्हणतो, ते तंतोतंत तसंच दिसतं. जबडा खाली पडलेला. पापण्या उघडायला निघायच्या आणि अर्ध्यावरून मिटायच्या. त्या फटीतून दिसणारे डोळे पूर्ण शुद्धीत होते, आणि भेदरलेले होते.

मी जबडा वर धरला, मास्क घट्ट बसवला, बॅगने श्वास देत राहिले, थोडी गुंगी दिली. दुसरीकडचं सिझर दुसऱ्या भूलतज्ज्ञांनी केलं. चाळीस मिनिटांनी काकूंनी जीभ बाहेर काढून दाखवली, आवाज नीट आला, घोट गिळला. संध्याकाळी बघायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला सगळं ऐकू येत होतं. हात उचलायचा होता, पण हातच माझा नव्हता.”

डोकं उचललं म्हणजे औषध उतरलं, हा आमचा रोजचा निकष. तो अपुरा आहे. मज्जातंतूला लागोपाठ चार हलके विजेचे झटके देऊन चौथा आचका पहिल्याच्या किती टक्के आहे ते मोजतात. आज ९० टक्क्यांच्या खाली असेल तर ट्यूब काढू नये असं मानतात. डोकं मात्र हा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास असतानाही उचलता येतं. त्या अवस्थेत घशाचे स्नायू ढिले असतात, गिळणं बिघडतं, आणि रक्तातला ऑक्सिजन घटला तर शरीराने जोरात श्वास घ्यायला हवा ती प्रतिक्रियाही मंदावते. ऑक्सिमीटरचं म्हणाल, तर मास्कवर ऑक्सिजन चालू असताना श्वास अपुरा पडला तरी तो बराच वेळ ९७ दाखवत राहतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो तिथे दिसत नाही.

काकूंच्या जागी १९५० सालचा रुग्ण ठेवून बघा. ऑक्सिमीटर नाही. झटके देऊन तपासायचं यंत्र नाही. रक्तातला वायू मोजायची सोय नाही. ऑपरेशन संपलं, रुग्ण डोळे किलकिले करतोय, वॉर्डात नेला. रात्री गेला. शवविच्छेदनात काय सापडणार? काहीच नाही. औषध विषारी आहे असं कुणालाही वाटेल.

उत्तर दुसरीकडून आलं

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ. श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू गेलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत होते आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त मरत होते. रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसायचं, आणि डॉक्टर त्याला रक्तातला क्षार वाढलाय असं समजत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं, की हा क्षार नव्हे, श्वास अपुरा पडल्याने साठलेला वायू आहे, रुग्ण गुदमरतायत. ऑपरेशन थिएटरमध्ये क्युरेरे दिलेल्या रुग्णासाठी करतात तेच त्याने केलं. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि हाताने फुगा दाबायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे फुगे दाबले. मृत्युदर निम्म्याच्या खाली आला.

हे इब्सेन १९४९-५० मध्ये भूलशास्त्र शिकायला बोस्टनला गेले होते. बीचर यांच्याच विभागात. गुरूच्या दहा रुग्णालयांत मोजणी चालू होती त्याच काळात शिष्याने कोपनहेगनमध्ये त्या मोजणीचं उत्तर दाखवून दिलं होतं, आणि दोघांना ते एकमेकांशी जोडता आलं नाही, निदान १९५४च्या लेखात तरी नाही. पोलिओशी केलेली ती तुलना मी पुन्हा वाचते तेव्हा मला याची फार हळहळ वाटते.

पुढची वाट सावकाश उलगडली. श्वास यंत्रावर घेणं आणि रिव्हर्सल देणं सर्रास झालं. चार झटक्यांची पद्धत १९७० साली लिव्हरपूलमधूनच आली, हसन अली, अटिंग आणि त्याच सेसिल ग्रे यांच्याकडून. मग १९७९ मध्ये कोपनहेगनच्या व्हीबी-मोगेनसेन यांनी रिकव्हरीत आलेल्या ७२ रुग्णांवर ती वापरून पाहिली. तेव्हाचा निकष ७० टक्के होता. तोही ४२ टक्के रुग्णांनी गाठलेला नव्हता. बीचरच्या लेखाला पंचवीस वर्षं झाली होती, सगळ्यांना रिव्हर्सल मिळत होतं, आणि तरी जवळपास निम्मे रुग्ण अंगात औषध घेऊनच बाहेर येत होते.

सारखी माणसं, सारखी तुलना

१९५५ च्या टीकाकारांचा मुद्दा मात्र वाया गेला नाही. जास्त आजारी रुग्ण कुठे आहेत ते बाजूला काढल्याशिवाय रुग्णालयांची तुलना करायची नाही, हा धडा पुढच्या मोठ्या मोजणीत कामी आला. हॅलोथेन या हुंगवायच्या भुलीच्या औषधामुळे यकृत निकामी होतं का हे पाहायला साठीच्या दशकात अमेरिकेत ३४ रुग्णालयांची माहिती गोळा केली गेली. त्यात ऑपरेशननंतरचा मृत्युदर एका रुग्णालयात ०.२७ टक्के, तर दुसऱ्यात ६.४१ टक्के निघाला. चोवीसपट फरक. वर्तमानपत्राच्या हाती हे पडलं असतं तर दुसऱ्या रुग्णालयाला टाळं लागलं असतं. लिंकन मोझेस आणि फ्रेडरिक मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी वय, ऑपरेशन, रुग्णाची आधीची अवस्था यांचा हिशेब धरल्यावर तो फरक खूप आकसला. पण पुरता गेला नाही. तो जो उरला, त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आता अलीकडचं. २०१४-१५ मध्ये युरोपातल्या २८ देशांतल्या २११ रुग्णालयांनी २२,८०३ रुग्णांची नोंद ठेवली. २०१९ साली निकाल छापून आला: स्नायू सैल करणारं औषध दिलेल्यांत ऑपरेशननंतर फुफ्फुसाच्या तक्रारी जास्त. हिशेब धरून, रुग्णांमधले फरक वजा करूनही जास्त. आणि धक्का म्हणजे, चार झटक्यांचं यंत्र वापरलं किंवा रिव्हर्सल दिलं म्हणून त्या कमी झाल्याचं दिसलं नाही. पासष्ट वर्षांनी तोच प्रश्न, आणि त्यावर तोच वाद: औषध दोषी की रुग्णांची निवड? यंत्र वापरलं म्हणजे नेमकं काय केलं, शेवटचा आकडा ९० च्या वर येईपर्यंत थांबले होते का?

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८ पासून एक जाळं उभं आहे. रुग्णालयांतल्या भुलीच्या संगणकीय नोंदी त्यात आपोआप जमा होतात. बीचरच्या दहा सचिवांचं काम आता संगणक करतात. त्यातल्या १२ रुग्णालयांच्या नोंदींवरून, शक्य तितक्या सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून, २०२० मध्ये दाखवलं गेलं, की निओस्टिग्मिनऐवजी सुगामाडेक्स हे नवं रिव्हर्सल मिळालेल्यांत फुफ्फुसाच्या गंभीर तक्रारी ३० टक्क्यांनी कमी होत्या. सुगामाडेक्स स्नायू सैल करणाऱ्या रेणूलाच कवेत घेऊन निकामी करतं. पण ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालतं, माझ्या ट्रेमधल्या अ‍ॅट्राक्युरियमवर नाही, आणि स्वस्त नाही.

मला या अभ्यासाचं महत्त्व औषधापुरतं वाटत नाही. १९५४ साली ‘क्युरेरे दिलं की नाही’ एवढाच प्रश्न विचारता आला होता. आता ‘कशाने उतरवलं’ हा विचारता येतो, कारण शेवटचा डोस किती वाजता, रिव्हर्सल किती, हे नोंदलेलं आहे. वहीत जेवढे रकाने असतात, तेवढेच प्रश्न पुढे विचारता येतात.

आमच्या वह्या

महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत भूलतज्ज्ञ एका जागी बसत नाही. सकाळी एका नर्सिंग होममध्ये हर्निया, दुपारी दुसरीकडे फ्रॅक्चर, रात्री तिसरीकडे सिझर. माझ्या एका आठवड्याचा छेद पाच-सहा रजिस्टरांत विखुरलेला असतो. त्यातलं कुठलंच रजिस्टर दुसऱ्याशी बोलत नाही. मी बाहेर पडल्यावर त्या रुग्णाला रात्री काय झालं हे मला फोन आला तरच कळतं, आणि फोन फक्त वाईट बातमीचा येतो.

आणि लिहायची भीती खरी आहे. तोडफोड, पोलीस तक्रार, कोर्ट. ‘लिहिलं की अडकलं’ हे वाक्य मी सीनियर मंडळींकडून शिकले आहे आणि त्यांनी ते उगाच शिकवलेलं नाही. त्या काकूंच्या केससमोर रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘रिकव्हरी समाधानकारक’. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, म्हणून ते खोटंही ठरत नाही. पण दहा रुग्णालयांच्या वह्या उद्या कुणी एकत्र केल्या, तर ती चाळीस मिनिटं त्यांना कुठेच सापडणार नाहीत.

हे आपल्याकडे जमत नाही असं मात्र मी मानत नाही. बाळंतपणातला प्रत्येक मृत्यू, सरकारी असो की खासगी, कळवायचा आणि जिल्हा समितीने तपासायचा, ही माता मृत्यू अन्वेषणाची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. हेतू शिक्षा करायचा नसून कारण शोधायचा आहे, हे तिथे लेखी सांगितलेलं असतं. भुलीसाठी तेवढंही पुरेसं नाही, कारण आमचे बहुतेक धडे न मेलेल्या रुग्णांत आहेत. पण कुणाचंही नाव न घेता, एका जिल्ह्यातल्या आम्ही आठ-दहा भूलतज्ज्ञांनी महिन्याचा छेद आणि रिकव्हरीतल्या तक्रारींची संख्या एकत्र करायची, याला कुठल्या कायद्याची गरज नाही. आमच्यातले चौघे गेल्या काही महिन्यांपासून करतोय.

चार झटक्यांचं यंत्र मी घेतलं, ते बॅगेत असतं. नर्सिंग होमच्या रजिस्टरमध्ये तारीख, नाव, वय, ऑपरेशन, सर्जन, भूलतज्ज्ञ, भुलीचा प्रकार एवढे रकाने छापलेले असतात. शेवटच्या रकान्याच्या पुढे जी रिकामी पट्टी उरते, तिथे पट्टीने दोन उभ्या रेघा मारून मी लिहिते: शेवटचा डोस किती वाजता, ट्यूब काढताना किती टक्के. एका ठिकाणच्या सिस्टर आता मी पोचायच्या आत त्या रेघा मारून ठेवतात. गेल्या आठवड्यात एका केसला ८२ आला. सर्जन हात धुऊन चहाला गेले होते, पुढचा फोन वाजत होता. अकरा मिनिटं थांबले. ९३ आला, तेव्हा ट्यूब काढली, आणि दोन्ही आकडे त्या रकान्यात लिहिले.